गच्चीवरचं शिवणाचं मशीन

आमच्या कोट सुंदा गावात कोणाचं घर विचारलं तर सांगणारा आधी मान वर करतो. "तो फुटबॉल दिसतोय ना, त्याच्या मागचं." नाहीतर, "घारीवरून डावीकडे वळा, दोन विमानं सोडा, तिसरं." गच्चीवरच्या या सगळ्या पाण्याच्या टाक्या. आत पाणी, बाहेर आकार. आणि सगळ्या एकाच माणसाच्या हातच्या, अजायब सिंग मिस्त्रीच्या.

माझं सिमेंट-सळयांचं दुकान आहे, गुरुद्वाऱ्याच्या वळणावर. तीस वर्षं अजायबला माल मीच पुरवला. दुपारी काम नसलं की तो माझ्याकडे पोत्यावर येऊन बसायचा. बोलायचा थोडं. पण तीस वर्षांचं थोडं थोडं साठून बरंच होतं.

पहिला फुटबॉल त्याने बांधला तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. मालक बोलून गेला होता, "चौकोनी टाकी काय, गोठ्यावरही असते. आपली जरा वेगळी कर." अजायबने सळया वाकवून गोल सांगाडा केला, वर जाळी बांधली, आतून-बाहेरून गिलावा केला, काळे-पांढरे तुकडे रंगवले. आठ दिवस गावोगावचे लोक सायकली टाकून बघायला येत होते. मग कॅनडाला गेलेल्यांना विमान हवं झालं, ट्रकवाल्याला ट्रक, एका पैलवानाला वजन उचललेला पैलवान. अजायबने कागदावर कधी रेघ ओढली नाही. थोडं बांधायचा, शिडी उतरायचा आणि गल्लीत उभा राहून वर बघायचा. मी एकदा विचारलं, "अरे, वरच नीट का बघत नाहीस?" म्हणाला, "लाला, वर उभं राहून बघणारा आहे कोण? ही खालच्या माणसासाठी असते."

मग एकेक घर रिकामं होत गेलं. विमान झालं की मालक निघाला. कोणी दोन वर्षांनी यायचं, कोणी पाच, कोणी नाहीच. पण सिमेंटची टाकी कोरडी पडली तर उन्हाने तडकते. म्हणून जाताना लोक किल्ली अजायबच्या हातात ठेवायचे. "मिस्त्री, आठवड्यातून एकदा मोटर लावून टाकी भर. नळही सोड थोडे." अशा दहा घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. सकाळी तो निघायचा, कुलूप काढायचा, मोटर लावायचा. बंद घरातले नळ सुरुवातीला खोकतात, मग गढूळ पाणी येतं, मग स्वच्छ. ते स्वच्छ होईपर्यंत तो मोरीत उभा राहायचा. दिवाणखान्यातल्या सोफ्यांवर अजून प्लास्टिक असायचं. त्यावर तो कधी बसला नाही. आपण बांधलेल्या घारीच्या पोटाखाली, सावलीत, गच्चीवर बसून घरून आणलेला चहा प्यायचा आणि कुलूप लावून पुढच्या घरी.

त्याच्या स्वतःच्या घरीही बोलायला कोणी नव्हतं. बायको, जीतो, मूत्रपिंडाच्या आजाराने गेली तेव्हा मुलगा परमिंदर इटलीत गोठ्यावर गाई पिळत होता. त्याच्याकडे कागद नव्हते. आला असता तर परत जाता आलं नसतं. म्हणून तो आईला अग्नी द्यायला आला नाही. अजायबने ते समजून घेतलं. चार वर्षांनी परमिंदरला कागद मिळाले. तरी तो आला नाही. हे मात्र अजायबला समजून घेता आलं नाही, आणि तो त्यावर बोललाही नाही. रविवारी फोन यायचा, "बापू, ठीक आहेस ना?" "ठीक आहे. तू?" "मीपण." एवढाच.

एका वर्षी नोव्हेंबरात बीबी चन्नन कौर विलायतेहून आली. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, आवाज सबंध गल्लीला ऐकू जाईल असा. नवरा मोहिंदर लोखंडाच्या भट्टीत काम करून करून गेला होता. मरण्याआधी त्याने इथे तीन मजली कोठी उठवली. गच्चीवरचं तेवढं राहिलं. त्यांचा एकुलता मुलगा कुलवंत तिकडेच जन्मलेला. त्याने फोनवर आईला सांगितलं होतं की विमान बसव, मोठं, चार इंजिनांचं.

बीबी माझ्या दुकानात आली तेव्हा अजायब पोत्यावरच बसला होता.

"विमानवाला मिस्त्री तूच का?"

"हो, बीबीजी. कधी सुरू करायचं?"

"विमान नको मला. विमानात बसले की माझे पाय सुजतात. ते डोक्यावर कशाला ठेवू?"

"मग घार करू? सिंह?"

"मशीन कर. शिवणाचं."

मला वाटलं थट्टा करते आहे. अजायबने मात्र विचारलं, "हाताचं की पायाचं?"

बीबी त्याच्या समोरच्या पोत्यावर बसली. "ऐक. माझा नवरा दारू प्यायचा नाही, पण भट्टी महिन्या-दोन महिन्यांनी बंद पडायची. स्वयंपाकघरात माझं मशीन होतं. कारखान्यातून कापलेल्या बाह्यांचे गठ्ठे यायचे. पोरगं शाळेत गेलं की मी बसायचे. एकवीस वर्षं मी नुसत्या बाह्या शिवल्या, मिस्त्री. पूर्ण सदरा एकही नाही. ही कोठी लोक मोहिंदरची म्हणतात. म्हणू देत. पण वर काय बसेल ते मी ठरवणार."

"पायाचं मग," अजायब म्हणाला.

तिचं मशीन तिकडेच भंगारात गेलेलं. म्हणून अजायब आमच्या बाजारातल्या शिंप्याकडे, मक्खन लालकडे, जाऊन बसला. दोन दिवस त्याने मशीनला हात लावला नाही, नुसतं बघत राहिला. तिसऱ्या दिवशी दोरीने मापं घेतली. मक्खन लाल वैतागला. "मिस्त्री, सदरा शिवायचा असेल तर शीव, नाहीतर गिऱ्हाईकाला जागा दे."

काम चार महिने चाललं. विमान तो पाच आठवड्यांत करायचा. लोक गल्लीतून टोमणे मारायचे. सरपंचाचा भाऊ एकदा खालून ओरडला, "मिस्त्री, एवढ्यात तीन घारी अंडी घालून उडाल्या असत्या." अजायब वरून म्हणाला, "उडाल्याच आहेत. घरं रिकामी पडलीत, बघ."

बीबी सकाळीच खुर्ची घेऊन गच्चीवर बसायची. मशीनचं वळण कसं असतं ते शब्दांत सांगता येईना, म्हणून हवेत हात फिरवून दाखवायची. दुपारी ती मक्याची भाकरी आणि सरसोंची भाजी वर आणायची. मी माल पोचवायला जायचो तेव्हा दोघं जेवत असायचे, मध्ये घमेलं उपडं ठेवून त्यावर ताट. बोलणंही असंच काहीबाही चाललेलं असायचं.

"तुझी बायको काय करायची रे?"

"घर."

"ते माहीत आहे. आणखी काय?"

अजायबने भाकरीचा तुकडा मोडला. "गायची. चुलीपुढे. मी आलो की थांबायची."

"तू ऐकशील म्हणून लाजत असेल."

"मला वाटायचं माझ्या येण्याने तिचा मूड जातो."

"वेडा आहेस," बीबी म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तीस वर्षांत जीतो गायची हे मला त्याने कधी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मशीन पुरं झालं. बारा फूट लांब, माणसाच्या दीडपट उंच. काळा रंग, वर सोनेरी वेल. बाजूला मोठं चाक. पाणी मशीनच्या पोकळ बैठकीत आणि वरच्या आडव्या हातात साठायचं. खरी करामत अजायबने सांगितलीच नव्हती. टाकी भरून वाहू लागली की जास्तीचं पाणी जायला एक नळी ठेवावी लागते. ती त्याने सुईतून काढली होती. पहिल्यांदा मोटर लावली त्या दिवशी निम्मं गाव गल्लीत उभं होतं. पाऊण तासाने मशीनच्या सुईतून पाण्याची धार सुटली, बारीक, सरळ, दोऱ्यासारखी, आणि खालच्या पन्हाळीत पडू लागली. बीबीने डोक्यावरची ओढणी पुढे ओढून घेतली आणि आत निघून गेली. संध्याकाळी तिने सगळ्या गल्लीत लाडू वाटले.

मार्चमध्ये ती परत गेली. जाताना किल्ली अजायबला दिली. "थंडीत येते. मंगळवारी भर, मंगळवार माझा बाह्या पोचवायचा वार होता." तेव्हापासून मंगळवारी सकाळी सुईतून धार पडायची. अजायब बाकीच्या दहा घरी टाकी भरली की निघायचा. इथे धार सुरू झाल्यावरही थोडा वेळ गल्लीत उभा दिसायचा.

उन्हाळ्यात कोणीतरी त्या धारेचं मोबाइलवर चित्रण केलं आणि खाली हसण्याची चिन्हं लावून पाठवून दिलं. ते फिरत फिरत विलायतेच्या गुरुद्वाऱ्यात पोचलं. कुलवंतला तोवर आईने एवढंच सांगितलं होतं की काम झालं, छान झालं. त्याचा फोन माझ्या दुकानात आला, कारण गावात त्याच्याकडे माझाच नंबर होता.

"अंकल, इथे लोक मला 'शिंपीसाहेब' म्हणून हाक मारतात. आम्ही जट्ट, जमीनवाली माणसं. आमच्या बापाच्या कोठीवर शिंप्याचं मशीन? पाडून टाका ते. मिस्त्रीला सांगा, विमान बांध."

मी फोन अजायबला दिला. तो म्हणाला, "बीबीजींना द्या जरा."

"बीबी हॉस्पिटलमध्ये आहे. पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिचं हो आहे, मी विचारलंय."

"त्या बोलल्या तर बरं होईल."

"झोपली आहे ती."

दोन दिवसांनी अजायबने माझ्या फोनवरून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. औषधं चालू आहेत, झोपली आहे. मग कुलवंत माझ्यावर चिडला. घर कागदावर त्याच्या नावावर होतं, ते खरंच होतं. फोन ठेवल्यावर मी अजायबला म्हणालो, "घर त्यांचं, डोकं त्यांचं. तू कशाला आडवा येतोस? आई-मुलाचं ते बघून घेतील." हे मी म्हणालो. आजही ते मला आठवतं.

अजायबने पाडायला नाही म्हटलं. किल्ली माझ्या गल्ल्यावर ठेवली आणि गेला. कुलवंतने जालंधरकडचा दुसरा मिस्त्री पाठवला. त्याने आल्या आल्या चाकावर घण घातला. चाक अर्धं तुटलं, सळईला लोंबकळलं आणि शेजारच्यांच्या पत्र्यावर पडलं. खाली म्हैस बांधलेली, थोडक्यात वाचली. शेजारी काठ्या घेऊन आले. तो मिस्त्री शिडीवरून खाली येऊन माझ्याकडे आला. "लाला, हे बांधलंय कोणी? वितीवितीवर सळई आहे. असं तर धरणंही बांधत नाहीत."

अजायब बाहेर पोत्यावर बसून ऐकत होता. उठला, आत आला, गल्ल्यावरची किल्ली उचलली. "तू जा," त्या मिस्त्रीला म्हणाला. "मी करतो."

सहा दिवस लागले. छिन्नीने गिलावा सोलला, जाळी कापली, एकेक गाठ उलट्या क्रमाने सोडवली. सळया सरळ करून एका बाजूला रचल्या. एक खपली गल्लीत पडू दिली नाही. शेवटी स्लॅबवर चार गोल डाग राहिले, पाय टेकले होते तिथे. विमान बांधायला त्याने नकार दिला आणि कुलवंतनेही पुढे विषय काढला नाही. नळाची सोय म्हणून बाजारातली काळी प्लास्टिकची टाकी मीच वर चढवून दिली.

नोव्हेंबरात बीबी आली. काठी घेऊन, एका पायाने लंगडत. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली. ती उतरली, चार पावलं चालली आणि वर बघितलं. मी तिचं सामान घ्यायला गेलो होतो. अजायबही होता, धुतलेली पगडी बांधून. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की हिला कोणी काही सांगितलेलं नाही.

ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "वादळ झालं होतं?"

मी कुलवंतचं नाव घेतलं, फोनचं सांगितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"पाडलं कोणी?"

"मी," अजायब म्हणाला.

"मला विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"विचारलं होतं, बीबीजी. दोनदा. झोपल्या आहेत म्हणाले."

"तिसऱ्यांदा विचारायचंस," बीबी म्हणाली. "मी काय कायमची झोपणार होते?"

तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली, काठी सावरली आणि आत गेली. दार लावून घेतलं.

तो सबंध हिवाळा तिने अजायबला बोलावलं नाही. गुरुद्वाऱ्यात समोर आली तर नमस्काराला नमस्कार, पुढे काही नाही. मुलाशीही फोनवर भांडली, ते गल्लीने ऐकलं. पण मुलाशी भांडण होतं आणि मिटतंही. अजायब दुपारी माझ्याकडे येऊन बसायचा. एकदा मी म्हणालो, "जा, एकदा भेट. समजावून सांग."

"काय सांगू, लाला? हळू तोडलं, हे सांगू?"

मी तिला जाऊन भेटलो. "बीबीजी, त्याला अडवणारा मीच होतो. मीच म्हणालो आडवा येऊ नकोस म्हणून." तिने मला चहा दिला. म्हणाली, "तू दुकानदार. तू तसंच म्हणणार. त्याने तुझं का ऐकलं?" चहा पिऊन मी परत आलो.

मार्चमध्ये निघायच्या आदल्या दिवशी तिने निरोप धाडला. अजायब गेला तो अर्ध्या तासात परत आला. मला वाटलं, मिटलं. त्याने सांगितलं ते असं. तिने त्याला खुर्ची दिली. ताट वाढलं. तो जेवला. मग ती म्हणाली, "आता पुढच्या वर्षी जमेल असं वाटत नाही. पाय ऐकत नाही." त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. ती म्हणाली, "राहू दे. प्लास्टिकच्या टाकीला तडा जात नाही. मंगळवारी यायची गरज नाही तुला."

"असं म्हणाली?" मी विचारलं.

"हो. रागाने नाही म्हणाली. माझा फेरा वाचावा म्हणून म्हणाली." त्याने पोत्यावरची धूळ हाताने झटकली. "राग असता तर बरं होतं."

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत बसताना तिने त्याच्या पगडीवर हात ठेवला, मोठी बहीण ठेवते तसा. काच वर केली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही तो गल्लीत उभा होता. शेजाऱ्यांची म्हैस मागून हंबरली तेव्हा बाजूला झाला.

पुढच्या मंगळवारी मी त्याला त्या कोठीसमोर बघितलं. दाराशी गेला नाही. रस्ता ओलांडला आणि घारीच्या घरी गेला. त्यानंतर तो त्या गल्लीतून जायचंच टाळू लागला. शेताच्या बांधावरून लांबचा फेरा घ्यायचा.

मी परमिंदरला फोन केला होता, अजायबला न सांगता. म्हटलं, एकदा येऊन जा. तो आला. बायको आणि लहान मुलीला घेऊन, सतरा दिवस. मुलीला आमची भाषा येत नव्हती. अजायब तिला बोटाने एकेक टाकी दाखवायचा, ती आपल्या भाषेत नाव सांगायची, तो ते नाव घोकायचा. घारीला तिकडे काय म्हणतात ते त्याला त्या वेळी येत होतं. परमिंदर म्हणाला, बापू, चल आमच्याबरोबर. अजायब म्हणाला, अकरा घरं आहेत. खरं तर तेव्हा दहाच होती. मी दुरुस्त केलं नाही.

बीबी त्यानंतरच्या हिवाळ्यात आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही. दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, कुलवंतचा फोन आला. आवाज खाली गेलेला. बीबी गेली होती, झोपेत. तो म्हणाला, "अंकल, तिकडे ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." मग जरा थांबून म्हणाला, "मिस्त्रीलाही."

अजायब त्या दिवशी पलीकडच्या गावात होता. एका घराच्या गच्चीवर पोपट बांधत होता, पोटातून गिलावा चालू होता. मी स्कूटर लावली आणि शिडीखालून हाक मारली. पोपटाच्या पोटातल्या भोकातून त्याचा चेहरा दिसला, सिमेंटने माखलेला.

"काय, लाला?"

मी सांगितलं.

"कधी?"

"परवा."

त्याने मान हलवली. घमेल्यात कालवलेला माल अर्धा शिल्लक होता. तो आत वळला. थापीचा आवाज पुन्हा सुरू झाला, सावकाश, एकसारखा. माल ठेवून चालत नाही, तासाभरात दगड होतो. मी तीस वर्षं तोच विकतोय, मला कळतं. मी खाली शिडीला टेकून उभा राहिलो. उन्हं कलली. माल संपला तसा तो उतरला, हौदावर कोपरापर्यंत हात धुतले, नखांतलं सिमेंट काडीने काढलं. मग माझ्या मागे स्कूटरवर बसला.

गाव जवळ आलं तेव्हा त्याने खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं. "बीबीजींच्या गल्लीने घे," म्हणाला.

मी घेतलं. कोठीला कुलूप होतं, पायऱ्यांवर तुतीची पानं साचली होती. तो उतरला नाही, वर बघितलंही नाही. मी गल्ली संपेपर्यंत सावकाश चालवत नेलं.